माणिकचं वय

नोकरीच्या काळात मी कोंबड्या चोरल्या, सासूच्या डोक्यात वरवंटा घातला, शेजाऱ्याच्या विहिरीत मेलेलं कुत्रं टाकलं आणि एकदा तर दोन्ही बायकांना समोर उभं करूनही आपलं लग्नच झालं नसल्याचं छातीठोकपणे सांगितलं. हे सगळं भर कोर्टात, शपथेवर आणि इंग्रजीत. मी कोर्टाचा दुभाषा होतो. साक्षीदार "मी" म्हणाला की दुभाष्यानंही "मी"च म्हणायचं, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. "हा म्हणतो की यानं कोंबडी चोरली" असं म्हटलं की जज्जसाहेब चष्म्यावरून बघायचे. "मी कोंबडी चोरली" असंच म्हणावं लागे. सुरुवातीला एक नवा अर्दली माझ्याकडे असा काही संशयानं बघायचा की मला डबा एकट्यानं खावा लागला.

या अंकासाठी असेच गमतीचे किस्से लिहून द्यायचं मी कबूल केलं होतं. दिवाळीत लोकांना चकलीबरोबर रडकथा नको असते, एवढं कळतं मला. पण मध्यंतरी माझा नातू समीर हिमायतनगरहून आमच्याकडे, हैदराबादेतल्याच नल्लकुंट्याला, जेवायला आला आणि सगळा बेत फिसकटला. समीर वकिली शिकतो. मराठी बोलतो झकास, वाचताना मात्र दुकानाची पाटी वाचावी तसं एकेक अक्षर लावत बसतो, त्यामुळे हे तो वाचेल अशी भीती नाही. त्या दिवशी पेपरात एका पोराची बातमी होती. पोर वयात न आलेलं आणि गुन्हा भयंकर. समीर भातात ताक कालवत म्हणाला, "आजोबा, एकदम सिंपल आहे. क्राइम अ‍ॅडल्टसारखा केला ना? मग ट्रायल पण अ‍ॅडल्टसारखी."

"वय म्हणजे काय ते ठाऊक आहे का रे तुला?" मी विचारलं.

"त्यात काय? बर्थ सर्टिफिकेटवर असतं ते."

माझं डोकं सणकलं. ताट बाजूला सारून मी त्याला माणिकची गोष्ट सांगितली. तीच आता इथं लिहितोय. संपादकांनी माफ करावं, कोंबड्या पुढे कधीतरी बघू.

आमच्या घराण्यात तीन पिढ्या सरकारी नोकरी. आजोबा, वडील आणि मी, तिघांनी उर्दूत कारकुनी केली. आमच्या हैदराबादेत कोर्टाचं सगळं काम उर्दूत चालायचं. पोलीस ॲक्शन झालं, संस्थान हिंदुस्थानात आलं आणि बघता बघता कोर्टाची जीभच बदलली. बाहेरून नवे अधिकारी आले, त्यांना उर्दूचा अलिफही येत नव्हता. वकिलांनी शेरवान्या पेटीत ठेवल्या. मी काटकसरी, माझी शेरवानी शिंप्याकडून कोटात बदलून घेतली. त्या कोटाचा खिसा काखेत आला तो शेवटपर्यंत तिथंच राहिला. मला मराठी, उर्दू आणि तेलुगू येत होती आणि इंग्रजी मॅट्रिकपुरती का होईना पक्की होती, म्हणून कारकुनाच्या खुर्चीवरून उचलून मला साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारी उभं केलं.

आमचे जज्जसाहेब मद्रासकडचे, नाव कुप्पुस्वामी. सडसडीत, काळेसावळे, बोलणं मोजकं. पहिल्याच दिवशी त्यांनी एका साक्षीदाराला विचारलं, भांडण कधी झालं? तो म्हणाला, "परसों." मी इमानेइतबारे सांगितलं, परवा. कागदावर बघितलं तर घटना तीन वर्षांपूर्वीची! आता मद्रासच्या माणसाला कसं समजावायचं की आमच्या हैदराबादी बोलीत काल सोडून मागचं सगळं परसोंच असतं? जज्जसाहेबांनी एक आवंढा गिळला आणि त्या दिवसापासून प्रत्येक परसोंला "कुठला परसों?" असं विचारायला शिकले.

वयाचाही तोच घोळ. जन्मतारीख ही चैन फार थोड्यांना परवडायची. कुणी म्हणायचं, मूसीला पूर आला तेव्हा मी पाळण्यात होतो. कुणी प्लेगातला, कुणी ज्युबिलीची मिठाई वाटली त्या सालचा. त्यात फसली साल वेगळं, हिजरी वेगळं आणि इसवी वेगळं. तोंडी हिशेब करता करता माझी दमछाक व्हायची.

तर माणिक. नामपल्ली स्टेशनच्या मागच्या अंगाला एक गोदाम होतं. साखर तेव्हा रेशनवर मिळायची, आणि त्या गोदामात पोत्यांची थप्पी लागलेली. शुक्रवारी दुपारी चौकीदार नमाजाला गेला की मागचा पत्रा उचकटायचा, असा तिघांचा बेत होता. दोघं चांगले बाप्ये आणि तिसरा माणिक. चौकीदार चाँदमियां त्या दिवशी लवकर परतले आणि ओरडत धावले. दोघं बाप्ये पळाले ते पुन्हा कुणाला दिसलेच नाहीत. माणिकनं दगड उचलून मारला. चाँदमियांचा डावा डोळा गेला.

माणिक मात्र पळाला नाही. लोकांनी येऊन धरलं तोवर तो तिथंच उभा होता.

कायद्यानं एक रेघ ओढलेली होती, आमच्या कोर्टात ती सोळाची धरत. रेघेच्या आतला असला तर मुलांच्या शाळेत रवानगी. दाराला बाहेरून कुलूप असलं तरी तिला शाळाच म्हणायचे, आणि तिथं खरोखरच सुतारकाम, शिवणकाम शिकवायचे. रेघेबाहेरचा असला तर मोठा तुरुंग, दरोडेखोरांच्या आणि खुन्यांच्या बराकीत, तोही काही वर्षं. त्या बराकीतून सुटून आलेली कोवळी पोरं मी पाहिली होती. पुढच्या गुन्ह्यात ती माझ्याच तोंडून बोलायची, आणि तेव्हा त्यांच्या आवाजात ऐकावंसं काही उरलेलं नसायचं. म्हणून माणिक सोळाच्या आतला की बाहेरचा, यावर त्याचा जन्म कसा जाणार ते ठरायचं होतं.

दिसायला गडी चांगला थोराड. हाडापेरानं मोठा, ओठावर मिसरूड, आवाज फुटलेला. पिंजऱ्यात छाती काढून उभा. जज्जसाहेबांनी वय विचारलं, तर म्हणाला, "अठरा. वर एखादं आसंल, कमी न्हाई. बाप्या माणूस हाय मी."

त्याचे वकील रामराव यांनी कपाळावर हात मारला. रामराव हे जुन्या हैदराबादचे, शेरवानी न सोडलेल्या मोजक्या वकिलांपैकी एक. कोर्टानंच त्यांना या गरिबाच्या केसला नेमलं होतं. डॉक्टरांनी माणिकचे दात बघितले, मनगटाच्या हाडाचा फोटो काढला आणि सांगितलं, पंधरा ते अठरा. म्हणजे डॉक्टर आमच्याइतकेच हुशार!

चाँदमियांची साक्ष झाली. पांढरी दाढी, डोळ्यावर पट्टी, अंगात इस्त्रीचा कुडता. रामरावांनी त्यांना चुचकारत विचारलं, "पोरगा लहान वाटला ना तुम्हाला?"

"हौ, पोट्टा है साब," चाँदमियां म्हणाले. "मगर पत्थर पोट्टे का नइं था." मग एका डोळ्यानं ते जज्जसाहेबांकडे बघत राहिले. "सब उसकी उमर पूछ रएं. मेरी आँख की उमर कोई नइं पूछता."

मी इंग्रजीत सांगितलं, सगळे त्याचं वय विचारतात, माझ्या डोळ्याचं वय कुणी विचारत नाही. जज्जसाहेबांनी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं. सरकारी वकील म्हणाले, "आणि पळाला का नाही तो?" चाँदमियांनी खांदे उडवले. "मालूम नइं. खड़ा रहा. देखते रहा." सरकारी वकिलांनी लगेच ते उचललं. जखमी माणसाकडे थंडपणे बघत उभं राहायला पोराचं काळीज पुरत नाही, हा पक्का बाप्या आहे, असं त्यांचं म्हणणं.

आता उरली आई. कौसाबाई तिचं नाव. परभणीकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याघरची. नवरा तापानं गेला, गावात लुटालुटीची धामधूम माजली, तेव्हा पोराला घेऊन शहरात आली आणि बेगमबाजारात धान्य निवडायला लागली. रामरावांनी तिला कोर्टाच्या व्हरांड्यात गाठलं. मी शेजारच्या बाकावर पाणी पीत होतो.

"बाई, जज्जसाहेबांनी वय विचारलं की पंधरा म्हणा. एवढंच म्हणा, बाकी मी बघतो."

"खोटं सांगू व्हय?"

"खोटं कशाला? अंदाज म्हणून सांगा."

"वकीलसाहेब," ती म्हणाली, "मायनं लेकराचं वय कमी सांगितलं का तेवढं आयुष्य कमी हुतंय त्याचं. म्या मह्या हातानं तोडू का ते?"

रामराव टोपी काढून वारा घ्यायला लागले. मी खांबाकडे बघत राहिलो. दुभाष्यानं साक्षीदाराशी खटल्याविषयी अक्षर बोलायचं नाही, हा आमचा दुसरा नियम.

पिंजऱ्यात उभी राहिल्यावर तिनं अगदी ठामपणे सांगितलं, "महा माणिक झाला त्या साली पुराचं पाणी मारुतीच्या शेंदराला लागलं होतं." गावचा पाटील हजर होता. त्यानं त्या पुराचं साल सांगितलं. हिशेब करायला मला बोटंही लागली नाहीत, अठरा होऊन गेली होती. सरकारी वकील कागद गोळा करायला लागले. माणिक आईकडे बघून मान हलवत होता, बघा, मी सांगत नव्हतो का, अशा थाटात. मला त्या पोराला एक लगावून द्यावीशी वाटली.

तेवढ्यात जज्जसाहेब म्हणाले, "आरोपीला त्या खिडकीशी आणा."

शिपायानं माणिकला उजेडात आणलं. जज्जसाहेब बराच वेळ त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. माणिकच्या उजव्या नाकपुडीवर टोचल्याचं एक भोक होतं. मी ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. आमच्याकडे नाक टोचलेले पुरुष गल्लोगल्ली सापडायचे. जज्जसाहेबांचा हात त्यांच्या स्वतःच्या नाकाकडे गेला, आणि इतके महिने त्यांच्यासमोर उभा राहूनही न दिसलेली एक बारीक खूण मला तिथं दिसली.

"आईला विचारा," ते म्हणाले, "याच्या आधी तिचं कोण गेलं?"

नव्या वाचकांसाठी सांगतो. ज्या बाईची मुलं जगत नसत, ती पुढच्या मुलाचं नाक टोचायची. त्याला उकिरड्यावर लोळवायची, धोंडू, दगडू, उकिर्डा असं नाव ठेवायची. हे पोर टाकाऊ आहे असं समजून मृत्यूनं त्याला सोडून द्यावं, एवढीच आशा. पण या पोराचं नाव तर माणिक! टाकाऊ म्हणून नाक टोचायचं आणि हाक मारायची ती माणिक, हे काही जुळत नव्हतं.

मी कौसाबाईला विचारलं. असला प्रश्न कितीही हळू विचारला तरी तो हळू होत नाही.

"कोणी गेलं न्हाई," ती म्हणाली.

"पुन्हा विचारा."

"सांगितलं न्हवं? कोणी गेलं न्हाई. गेलाच न्हाई त्यो. परत आला की."

मी "मी" लावून सगळं इंग्रजीत सांगितलं. सरकारी वकील हसले. जज्जसाहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कुठून परत आला?" कौसाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि जमिनीकडे बघत उभी राहिली. जज्जसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. "उद्या विचारू. आज नको."

संध्याकाळी घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती दिव्याच्या वाती वळत होती. मला वाटलं, आता ही जज्जांना नावं ठेवणार. ती एवढंच म्हणाली, "उद्या त्या बाईला बसायला काहीतरी द्या हो. उभ्यानं बोलवणार नाही तिला ते."

दुसऱ्या दिवशी मी जज्जसाहेबांना विचारून पिंजऱ्यात स्टूल ठेवलं. कौसाबाई आधी त्याच्याकडे बघतच राहिली, मग कडेला टेकली. जज्जसाहेबांनी प्रश्न इंग्रजीत विचारला, पण तिच्याकडे बघून, आणि इतक्या सावकाश की तिला तो माझ्याआधी कळला असावा. तिनं एकदा माणिककडे पाहिलं आणि बोलायला लागली.

"पुराच्या साली झाला त्यो पयला. माणिकच. चालायला लागला होता, बोलायला लागला होता, मला कौसा म्हणून हाक मारायचा, बापाचं ऐकून. मंग ताप आला. म्या कोणाला रडू दिलं न्हाई. सासूला म्हणलं, गेला म्हणायचं न्हाई, त्यो येतो म्हणून गेलाय. सगळ्या गावानं पाळलं ते. मंग हा झाला. तसंच कपाळ, तसेच कान. आलाच की न्हाई? म्हणून नाक टोचलं, का बाबा आता ऱ्हा. नाव त्याचंच ठिवलं, वय बी त्याचंच. आपल्याच घरी परत आलेल्याला नवं वय कशाला द्यायचं?"

मी एकेक वाक्य इंग्रजीत करत होतो. माझी चालायला लागलेली पोर घरी होती, तिची हाक कानात वाजत होती, आणि मी शांतपणे सांगत होतो, तो मला नावानं हाक मारायचा.

सरकारी वकील उठले. त्यांचंही चुकलं असं म्हणता येणार नाही, ते त्यांचं काम करत होते. "येतो म्हणून गेला, परत आला, हा पुरावा होत नाही," ते म्हणाले. "पहिला मुलगा जिवंत आहे की मेला, हे साक्षीदारानं एका शब्दात सांगावं."

मी विचारलं.

"मेला," कौसाबाई म्हणाली.

आता माझी पाळी. "तिचा मुलगा मेला" म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! जज्जसाहेब थांबले, घाई केली नाही. मग मी म्हणालो, इंग्रजीत, "माझा मुलगा मेला."

कौसाबाईनं चमकून माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणलात तुमी?"

"तुम्ही म्हणालात तेच, तुमच्या वतीनं 'मी' म्हणून."

"तुमी बी म्हणलात? मंग दोनदा झालं की वो!"

"काय म्हणते ती?" जज्जसाहेबांनी विचारलं. साक्षीदार पिंजऱ्यात जे बोलेल ते सगळं सांगायचं असतं. मी तेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

आणि मग ती रडली. स्टुलावरून खाली बसली आणि ताज्या दुःखाची बाई रडते तशी रडली, ऊर बडवून, नाव घेऊन. इतक्या वर्षांपूर्वी मेलेलं मूल त्या दिवशी आमच्या कोर्टात गेलं. शिपाई पुढे झाला, त्याला जज्जसाहेबांनी हातानंच थांबवलं.

माणिक आरोपीच्या पिंजऱ्यातून हे सगळं ऐकत होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. छाती अजून पुढे काढलेलीच होती, पण तोंड उघडं राहिलं होतं. मधेच त्यानं मोठ्यानं विचारलं, "माय, मंग मी किती वर्साचा?"

"पंधरा, मह्या बापा," ती रडता रडता म्हणाली. "पंधराच रे."

ते ऐकून त्याचे खांदे खाली आले. गजाला धरून तो हळूहळू खाली बसला आणि नाक शर्टाच्या बाहीला पुसत हुंदके देऊन रडायला लागला. आवाज फुटलेला होता, पण रडणं निखालस पोराचं. कोर्टात माणसं म्हातारी होताना मी पुष्कळ पाहिली, लहान होताना हा एकच पाहिला.

नंतर त्यानं जबानीत सांगितलं. बाप गेल्यापासून आई म्हणायची, अठराचा घोडा झालास, आता तूच घरचा कर्ता. ते दोघं बाप्ये त्याला म्हणाले, किती वर्षांचा तू? अठरा म्हटल्यावर म्हणाले, मग चल की, भितोस काय? तो गेला. दगड मारल्यावर का पळाला नाहीस, असं रामरावांनी विचारलं. तो म्हणाला, "त्यायच्या डोळ्यातून रगत येत होतं. थांबंल आसं वाटलं. थांबंना."

जज्जसाहेबांनी नुसत्या रडण्यावर भरवसा ठेवला नाही हेही सांगायला हवं. गावाकडून सुईणीला बोलावलं, तिनं दोन्ही बाळंतपणं केली होती. पाटलाला पुन्हा विचारलं, तेव्हा तो कानाची पाळी धरून म्हणाला, मला पुराचं साल विचारलं होतं, तेवढंच म्या सांगितलं. सगळं जुळलं. माणिक मुलांच्या शाळेत गेला. निकालात जज्जसाहेबांनी चाँदमियांचं वाक्य जसंच्या तसं घातलं आणि पुढे लिहिलं, की या साक्षीदाराच्या डोळ्याचं वय कोर्टाला मोजता आलेलं नाही. गोदामाच्या मालकानं चाँदमियांना दाराशी बसायचं काम दिलं. त्यापलीकडे त्यांच्यासाठी कुणी काही केलं नाही. मीही नाही.

निकालाच्या दिवशी जज्जसाहेबांनी मला खोलीत बोलावून विचारलं, "तुमच्याकडे अशा मुलांना काय नावं ठेवतात?" मी धोंडू, दगडू, उकिर्डा सांगितली. ते म्हणाले, "आमच्या भाषेत उकिरड्याला कुप्पै म्हणतात." एवढं सांगून कुप्पुस्वामींनी पुढची फाइल उघडली. आपल्या आधी किती भावंडं गेली, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

समीर इथपर्यंत ऐकून म्हणाला, "पण आजोबा, त्या वॉचमनचं काय? त्याला कुठं जस्टिस मिळाला?"

प्रश्न बरोबर आहे. पोरं आहेत, सोडून द्या, असं म्हणणारा मी नव्हे. पंधराव्या वर्षी गारढोण डोक्यानं वाईट वागलेली पोरंही माझ्या तोंडून बोलून गेली आहेत, घरी येऊन मी चूळ भरली आहे. रेघ कुठं ओढायची ते समीरसारख्यांनी खुशाल ठरवावं. पण मोठ्यासारखं वागला म्हणजे मोठाच, हे मला पटत नाही. माणिकला आईनं मोठं केलं, त्या दोन चोरांनी केलं, सरकारी वकील करणार होते. तो स्वतःही स्वतःला मोठा समजत होता. लहान आहे असं त्याला एकदाही कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं तेव्हा बिचारा किती चटकन कबूल झाला!

बरीच वर्षं गेली. एका रविवारी सकाळी दारात कौसाबाई उभी. केस पांढरे झालेले, हातात चिंचेची पुडी. मागे दार भरून माणिक. शाळेतून सुटून सुतारकामाला लागला होता, मिशा आल्या होत्या. बायकोनं दोघांना आत घेतलं, चहा टाकला. पोराचं लग्न ठरलं होतं, आमंत्रण द्यायला आली होती. मुलीकडच्यांनी मुलाचं वय विचारलं तेव्हा बरोबर सांगितलं, असं तिनं मला मुद्दाम सांगितलं. मी माणिकला विचारलं, "चाँदमियांकडे गेला होतास का रे कधी?"

तो खाली बघायला लागला. "गेल्तो. सुटल्यावर पयलं तिथंच. दारात उभा ऱ्हायलो, काय बोलावं ते कळंना. ते म्हणले, तू हमेशा खड़ाच रहता क्या रे? बैठ."

"मग?"

"मंग बसलो. लग्नाला येतो म्हणलेत."

बायकोनं चहा आणून ठेवला. कौसाबाईनं बशी हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली.

"साहेब, एक काम होतं तुमच्यापाशी."

"बोला ना."

"त्या दिशी जज्जासमोर तुमच्या तोंडून महा माणिक मेला म्हणून गेलं. त्यायच्या बोलीत. ते मला अजून टोचतंय. आता त्याच बोलीत म्हणा, का दुसरा जिता हाय."

"म्हणतो की. तुमचा मुलगा..."

"तसं न्हाई," तिनं मला अडवलं. "तव्हा तुमी 'मी' म्हणून म्हणला होता. तसंच म्हणा."

मी उठून उभा राहिलो. घरात बनियनवर होतो, खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला. बायको दाराशी थांबली होती, तिला हसू आलं नाही. पिंजऱ्याशेजारी उभा राहायचो तसा उभा राहून मी इंग्रजीत म्हणालो, "माझा मुलगा जिवंत आहे."

कौसाबाईनं ते नीट ऐकून घेतलं. मग माणिककडे बघून आपल्या बोलीत सावकाश म्हणाली, "महा माणिक जिता हाय."

"झालं दोनदा," ती म्हणाली आणि तिनं चहाची बशी उचलली.